पायलीवरची शीग

शकुंतलाबाईंनी साखरेची चिमूट पुढे केली तेव्हा रक्षाचे दोन्ही हात कणकेत होते. "आ कर," म्हणून सासूबाईंनी ती सरळ सुनेच्या तोंडातच घातली. फोन नुकताच खाली ठेवला होता, रिसीव्हर पुरता बसलाही नव्हता. पुण्याहून गुंजन बोलली होती, रक्षाची नणंद. "आपल्या गुंजनचं पाकीट दुनियेत गेलं म्हनते. ब्राझीलात का कुठं, तिथल्या मानसानं घेतलं. पैसे नाई द्या लागत, कोनीबी घेऊ शकते. पन नाव तिचंच राह्यते." सासूबाई ज्याला पाकीट म्हणत होत्या ते पॅकेज, हे त्या घरात फक्त रक्षाला कळलं. एखादं लहानसं काम करणारा प्रोग्राम लिहायचा, त्याची नीट घडी घालायची, तो कसा वापरायचा ते सोबत लिहायचं आणि इंटरनेटवरच्या मोठ्या भांडारात ठेवून द्यायचा, म्हणजे तेच काम पुन्हा कुणाला लिहावं लागत नाही. गुंजनचं पॅकेज तारखा मराठीत लिहून देत होतं. सोमवार, मंगळवार. जानेवारी, फेब्रुवारी. "छान झालं," रक्षा म्हणाली आणि कणीक मुठीनं दाबत राहिली. बारा महिने आणि सात वार. एवढं तर तिच्या क्लासमधल्या पोरी पहिल्याच आठवड्यात लिहायच्या. साखर दाताखाली करकरली. साखर एवढ्या वेळात विरघळायला हवी होती, पण एक खडा कुठंतरी अडकून बसला होता, आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जात होती.

क्लास म्हणजे वर्ध्याला बसस्टँडच्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. रक्षा सेलूहून रोज एसटीनं यायची, पांढऱ्या ओढणीला पिन लावून, आणि बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींना प्रोग्रामिंग शिकवायची. तेव्हा ती मॅडम होती. दुसऱ्या बाकावर कडेला गुंजन बसायची, मोतीलालजी धान्यवाल्यांची मुलगी, दोन वेण्यांची, पेनचं टोपण चावणारी. फंक्शन म्हणजे काय हे रक्षानं त्यांना पायलीवरून सांगितलं होतं. ज्वारी मोजायची तर दाणे मोजत बसतं का कुणी? पायली एकदा घडवून ठेवली, की दर खेपेला नुसती भरायची. आत किती मावतं ते पायलीला ठाऊक, आपल्याला विचार करावा लागत नाही. तुम्ही घडवलेली पायली शेजारीणही मागून नेईल, तिलाही नवी घडवावी लागणार नाही. मुलं हसली होती. गुंजन हसली नव्हती, तिनं वहीत पायलीचं चित्र काढलं होतं. पुढे तिनंच घरी सांगितलं, दादासाठी आमच्या मॅडम पाहा. असं ते लग्न जमलं. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी रक्षा सवयीनं "गुंजन, पाणी दे गं," म्हणाली, तेव्हा शकुंतलाबाईंनी हळूच, रागावून नव्हे, पदर सारखा करताकरता सांगितलं, नंनद हाय ते तुयी, लहान असली तरी ताई म्हन. तेव्हापासून गुंजनताई. तुम्ही. आणि मॅडमची वहिनी झाली. गुंजन एकटी असली की म्हणायची, राहू द्या ना मॅडम, मले कसंतरी होते. पण ती पुण्याला गेली, कंपनीत लागली, आणि मॅडम हा शब्द तिच्याही तोंडून गळून पडला. कुठल्या फोनपासून ते रक्षाला आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला नव्हता असं मात्र नाही.

दुपारी रिद्धी मांडीवर दूध पिता पिता झोपली. दीड वर्षाची पोर, झोपेतही तिच्या मुठीत आईचं मंगळसूत्र घट्ट. रक्षा तिला तशीच घेऊन कॉम्प्युटरपुढे बसली. मामंजींच्या धान्याच्या दुकानात नवा आला म्हणून जुना घरी आलेला, शिलाई मशीनशेजारी ठेवलेला, त्याच्यावर बाळाची लंगोटं वाळायला टाकायचीही सोय झालेली. योगेंद्रनं, तिच्या नवऱ्यानं, तो तिच्यासाठी आणला होता. तो चांगला माणूस होता, त्याला फक्त पुढं काय ते सुचायचं नाही. त्या कॉम्प्युटरमध्ये तिनं दोन वर्षांपूर्वी दुकानासाठी लिहिलेलं एक फंक्शन अजून होतं. खेड्यावरून धान्य घेऊन येणाऱ्या बाया अजून पायलीत बोलतात, कुडोत बोलतात, खंडीत बोलतात, आणि दुकानचा काटा बोलतो किलोत. शिवाय पायलीभर ज्वारी वेगळी भरते, पायलीभर तूर वेगळी, तीळ तर फारच वेगळे. मामंजींना हे सगळं तोंडपाठ, पण नोकराला नाही. म्हणून रक्षानं लिहिलं होतं. धान्य सांगा, माप सांगा, किलो घ्या. दुकानात ते रोज चालत होतं आणि तिचं नाव त्याच्यावर कुठंच नव्हतं. ते असावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं, आज साखर तोंडात पडेपर्यंत.

एका हातानं टाइप करताना मोठी अक्षरं काढता येत नाहीत, दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. तिनं हनुवटीनं दाबून पाहिलं. रिद्धी हलली. रक्षा थांबली, आणि त्या थांबण्यात तिला एकदम गुंजनची खोली दिसू लागली, तिनं कधी न पाहिलेली पुण्यातली खोली. टेबल, दिवा, कप. दार लोटलेलं. त्या दाराचाच तिला सगळ्यात जास्त हेवा वाटला. ते दार आतून लावता येत असणार.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. शनिवारी डोस पाजायला न्यायचं निमित्त करून रिद्धीला घेऊन ऑटोनं वर्ध्याला गेली, आणि दवाखान्यातून निघून चंद्रभानच्या सायबर कॅफेत शिरली. चंद्रभान तिचा क्लासमधला जुना ओळखीचा, त्यानं रिद्धीला काउंटरवर बसवून माऊस खेळायला दिला. पॅकेज कसं बांधावं याची पानं तिनं छापून घेतली. घरी येऊन ती भाजीच्या पिशवीत खाली ठेवली आणि वर मेथी. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. सासूबाईंनी पाहिली असती तरी काही म्हटलं नसतं. पण फोनवर सांगितलं असतं. गुंजनला कळलं असतं, आणि गुंजन म्हणाली असती, अरे वा वहिनी, काही अडलं तर विचारा. ते वाक्य रक्षाला इतकं स्पष्ट ऐकू यायचं, की जणू ते म्हणून झालंय आणि ती त्याचाच राग धरून बसलीय.

अडत तर होतंच. फंक्शन लिहिणं निराळं आणि पॅकेज बांधणं निराळं, हे तिला मेथी निवडता निवडता वाचताना समजत गेलं. आपल्या घरातली पायली आपल्याला कळते, तिला कुठं पोचा आहे, ती कुठवर भरायची. परक्याच्या घरी पाठवायची तर सगळं सांगावं लागतं. एक हुकूम दिला की रिकामं घर उभं राहायचं, खोल्या पाडलेलं. एका खोलीत कोड. एका खोलीत तो बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट. दारावर माहितीपत्रक. काय काय पाठवलंय त्याची यादी, नाहीतर राहून गेलेलं राहूनच जातं. आवृत्तीचा आकडा, शून्य पूर्णांक शून्य एक. ती लग्नाच्या रुखवतासारखं मांडत होती, आणि मांडताना मधेच आठवत होतं की आपल्या रुखवतात आईनं पितळी पायली ठेवली होती, ती आता या घरच्या पायलीच्या मागं माळ्यावर आहे. दुपारी पोर झोपली की तास, कधी अर्धा. कधी यादीच चुकलेली, कधी मॉड्यूलचं नाव एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरं, आणि कॉम्प्युटर म्हणायचा, सापडत नाही. सापडत नाही, सापडत नाही. रिद्धी उठून रांगत येऊन वायर ओढायची. तिला कडेवर घेऊन तिच्या जावळात नाक खुपसून रक्षा म्हणायची, थांब गं राणी, एवढी एक ओळ. त्या जावळाला दुधाचा आणि घामाचा वास होता. तो वास घेताना तिला कुणाचाच हेवा वाटत नसे. वास संपला की पुन्हा वाटे.

नाव हा जुनाच सल होता. बारशाला पाळण्याभोवती सासरगावच्या, बोरगावच्या सगळ्या बाया जमल्या होत्या, घुगऱ्या भिजवल्या होत्या, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करून झालं, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. गुंजन पुण्याहून रात्रभर प्रवास करून आली होती. ती पाळण्यात वाकली, बायांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के मारले, आणि हसत, पाठ चोळत ती उठून म्हणाली, रिद्धी. रक्षाच्या मनात नीरजा होतं. पोटात पाय हलायला लागल्यापासून नीरजा. तिनं ते योगेंद्रला एकदा म्हटलं होतं, पुन्हा नाही. गुंजनला तर नाहीच. मागून घ्यायचं नाव ते काय नाव, असं तिला वाटलं होतं, कुणीतरी विचारायला हवं. आता "रिद्धी" म्हटलं की पोर मान वळवते, तोंडभर हसते. रक्षाही रिद्धीच म्हणते. नीरजा कुठं गेली ते तिला माहीत नव्हतं. पोर गाढ झोपली असली की कधीकधी ती तिच्या कानाशी तोंड नेई, आणि काहीच न म्हणता मागं घेई.

टेस्ट लिहायच्या तर खरी मापं हवीत. म्हणून तिनं एका दुपारी घरची पायली घेतली. शकुंतलाबाई ओसरीवर गुंजनसाठी पिशव्या भरत होत्या. गल्लीतलं कुणीतरी ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघालं होतं, त्याच्यासोबत ज्वारी आणि तुरीची डाळ जायची होती. "आई, एक पायली मले वजनाले द्या," रक्षानं म्हटलं. त्यांनी ज्वारी ओतली. पायली काठोकाठ भरली, तरी हात थांबला नाही. दाणे वर चढत गेले, टोकदार झाले, देवळाच्या कळसासारखी शीग उभी राहिली, आणि एक दाणा टोकावरून निघून घरंगळत खाली आला तेव्हा कुठं त्या थांबल्या. रक्षानं वजन केलं, आकडा टेस्टमध्ये लिहिला आणि टेस्ट चालवली. पडद्यावर ओळी उमटल्या. ओके, ओके, नॉट ओके. तिला वाटलं कोडच चुकला. दोन दुपारी ती गुणाकार तपासत राहिली. तिसऱ्या दिवशी दुकानात डबा द्यायला गेली असताना पाहिलं, मामंजी गिऱ्हाइकाची पायली भरत होते. त्यांनी पायली भरली, लाकडी पट्टी घेतली आणि काठावरून सपकन फिरवली. शीग पोत्यात पडली. पायली तीच होती. कोडही बरोबर होता. माणसं दोन पद्धतींनी भरत होती.

हे लक्षात आलं तेव्हा तिला प्रथम आनंद झाला, शिकवणाऱ्याला चूक सापडल्यावर होतो तसा. आणि त्या आनंदाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आत आलं. गेल्या वर्षी सेलूला, तिच्या माहेरी, तुरीची डाळ पाठवली होती. तिच्या बाबांचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा. ती डाळ कशी भरली होती? तिनं डोळे मिटून पाहिलं. ओसरी, पायली, डाळीचा पिवळा ढीग, आणि एक तळहात काठावरून फिरला. सपाट. तिला नक्की दिसलं, सपाट. तेव्हा ती पाहत होती का? पाहत नसेल तर आता कशी दिसते? पण दिसत होती, बोटांच्या फटीतून निसटणारी डाळही दिसत होती. लेकीला शीग, सुनेच्या माहेरी सपाट. त्या रात्री जेवताना सासूबाईंनी तिच्या ताटात दुसरी पोळी वाढली, वर तूप घातलं. रक्षानं ते तूपही मनातल्या मनात मोजलं.

फंक्शनला आता तिसरी गोष्ट विचारावी लागणार होती. धान्य कोणतं, माप कोणतं, आणि शीग आहे की सपाट. पण वापरणारा ते सांगायला विसरला तर? न सांगितल्यास काय धरायचं, हे लिहिणाऱ्यानं आधी ठरवून ठेवावं लागतं. हेही तीच शिकवायची क्लासमध्ये. तुम्ही सांगितलं नाही म्हणून मशीन थांबत नाही, काहीतरी धरून पुढं जातं. रक्षानं ते ठरवायचं बरेच दिवस तसंच ठेवलं.

भांडाराचं खातं उघडायला अर्ज केला होता. तिकडे कुणीतरी माणूस अर्ज हातानं पाहून मंजूर करतो, त्याला वेळ लागतो, असं लिहून आलं होतं. त्या वाट पाहण्यातच महालक्ष्म्या आल्या आणि गुंजन आली. घर भरलं. आंबिलीचा आंबूस वास, सोळा भाज्या, पुरण. रक्षाचे दोन दिवस चुलीपुढं गेले, आणि बाहेर ओसरीवर रिद्धी आत्याच्या मांडीवरून उठायला तयार नाही. "अत्ता" म्हणायलाही शिकली. आई म्हणायच्या आधी ती बा म्हणाली होती, ते चालून गेलं होतं. हे चालेना. तिसऱ्या दिवशी गुंजन खोलीत आली, कॉम्प्युटरशेजारची छापील पानं तिनं उचलली, आणि तिचा चेहरा असा उजळला की रक्षाला पानं हिसकावून घ्यावीशी वाटली.

"वहिनी, हे तुम्ही करून राह्यल्या? अन् मले बोलल्या नाई?"

खातं मंजूर व्हायचं आहे, एवढंच रक्षानं सांगितलं.

"त्याले महिना लागते कधीकधी. माझ्या खात्यातून टाकून देऊ का? आत्ता फ्लॉपी द्या, परवा पुण्यात पोचली की टाकते. आतमधे तुमचं नाव लिहू."

ती खरंच मनापासून म्हणत होती. तोच तर त्रास होता. तिच्या आवाजात कुठं खोट सापडली असती तर रक्षाला किती बरं वाटलं असतं. ती गुंजनच्या बोटांकडे पाहत राहिली, त्या बोटांवर तिखटाचा डाग नव्हता, हळदीचा नव्हता. पाळण्यात वाकलेली तिची पाठ दिसली. पुन्हा हिनंच नाव घालायचं. "नको ताई," ती म्हणाली, "अजून टेस्ट बाकी हाय." टेस्ट सगळ्या झाल्या होत्या. गुंजननं पानं होती तशी रचून ठेवली, आणि बाहेर जाताना दार हळूच ओढून घेतलं, जणू तिलाही ठाऊक होतं की या खोलीला तेवढंच हवं आहे. दुसऱ्या दिवशी ती गेली. जाताना शकुंतलाबाईंनी पिशव्या भरल्या, शीग लावून. रक्षा स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती.

त्या दुपारी तिनं ठरवलं. न सांगितल्यास सपाट. लिहिलं, टेस्ट चालवल्या, ओके, ओके, ओके. मग माहितीपत्रकात, शीग म्हणजे काय ते परक्या माणसाला कळावं म्हणून तिनं इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. पहिली साधी होती, मापाच्या काठावर राहणारा ढीग. दुसरी तिच्या हातून एका दमात गेली. रिवाजाप्रमाणे शीग घरच्या लेकींना मिळते, बाकी सगळ्यांना सपाट. लिहून झाल्यावर तिनं ती वाचली आणि तिला खूप शांत वाटलं, ठणकणारा दात निघाल्यासारखं. कोण वाचणार आहे? ब्राझीलचा माणूस? त्याला काय कळणार शकुंतलाबाई कोण आणि गुंजन कोण.

खातं मंजूर झाल्याचं पत्र आलं ते चंद्रभानच्या कॅफेतच उघडलं. रिद्धी मांडीवर होती, तिच्या हातात बिस्किट, बिस्किटाचा चिखल कीबोर्डवर. नावाच्या रकान्यात कुठलं आडनाव लिहावं यावर रक्षा अडली, सेलूचं की बोरगावचं, आणि शेवटी नुसतं रक्षा, वर्धा असं लिहिलं. फ्लॉपीतून फाइल चढवली. निळी पट्टी सरकत सरकत पुढे गेली, मध्येच थांबली, लाइन गेली की काय म्हणून चंद्रभान उठला, आणि मग ती टोकाला पोचली. भांडाराच्या यादीत एक नवी ओळ दिसली. तिनं रिद्धीचं चिकट बोट धरून त्या ओळीवर टेकवलं. बघ, कोण आहे? आई आहे. त्या एका क्षणात तिच्या मनात गुंजन नव्हती. चंद्रभाननं चहा मागवला, त्याचेही पैसे घेतले नाहीत. ऑटोत पोर झोपली, नालवाडीकडून वारा येत होता. रक्षाला गाणं म्हणावंसं वाटलं आणि तिनं ते म्हटलंही, ऑटोवाल्याला ऐकू जाणार नाही असं.

घरी मात्र तिनं लगेच सांगितलं नाही. कुणीतरी साखर द्यावी असं वाटत होतं, पण साखर मागून कशी घ्यायची. योगेंद्रला जेवताना सांगितलं, तो म्हणाला, अरे वा, बाबूजींले सांग ना, तू काऊन नाई सांगत? मग त्यानंच सांगितलं. मामंजी म्हणाले, आपली पायली का? आपली पायली गेली तिकडे? आणि बराच वेळ हसत राहिले. शकुंतलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. रक्षा वाट पाहत होती ते सगळं झालं, आणि झाल्यावर हाताशी काहीच राहिलं नाही.

गुंजनचा फोन रविवारी आला. आईशी बोलून झाल्यावर तिनं वहिनीला मागितलं. पॅकेज उतरवून घेतलं, चालवून पाहिलं, काय सुंदर बांधलंय, टेस्ट तर माझ्यापेक्षा किती नीट, असं भरभर बोलली. लाइनमध्ये खरखर ऐकू येत होती.

"ते माहितीत लिहिलं हाय तुम्ही. लेकींना शीग, बाकीच्यांना सपाट. ते खरं हाय का, वहिनी?"

रक्षानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तिला वाटलं होतं की जगात कुणाला कळणार नाही. त्या सबंध जगात ती ओळ वाचून समजू शकेल असं एकच माणूस होतं, आणि तिनं ती नेमकी त्याच माणसाच्या भांडारात नेऊन ठेवली होती.

"मले माहीत नव्हतं," गुंजन म्हणाली. "मी तर पिशवी उचलली अन् निघाली, दरवेळी. पाहिलंच नाई कधी." आणि मग, अगदी हळू, "दादानं मले मागच्या साली सांगितलं. तुमच्या मनात नीरजा होतं म्हणून. तुम्ही बोलल्या असत्या तर मी तेच नाव घेतलं असतं ना, मॅडम. तुम्हीच शिकवलं होतं, सांगितलं नाई तर समोरचा आपल्या मनचं धरते."

मॅडम. किती दिवसांनी. त्या शब्दानं डोळे भरून यायला हवे होते, पण रक्षाला आधी एवढंच वाटलं की इथंही हिचंच बरोबर निघालं. रिद्धी उठली वाटते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. रिद्धी उठली नव्हती.

ओळ काढता येते का ते तिनं चंद्रभानकडे जाऊन पाहिलं. काढता येते, पण तोवर जगभरच्या दुसऱ्या भांडारांनी नकला उतरवून घेतलेल्या. गेलेली आवृत्ती परत बोलावता येत नाही. पुढची काढायची, शून्य पूर्णांक शून्य दोन, आणि तिच्यात दुरुस्त करायचं. पण दुरुस्त करून लिहायचं काय? खोटं होतं असं लिहायचं? तिला ते खोटं वाटत नव्हतं. डोळे मिटले की तो तळहात अजून फिरत होता. डाळ अजून निसटत होती.

दिवाळीआधी पुन्हा पुण्याला पिशव्या जायच्या होत्या. शकुंतलाबाईंचे गुडघे धरले होते, त्या ओसरीवर पाटावर बसून सांगत होत्या आणि रक्षा भरत होती. पोर शेजारी दाण्यांत हात घालून बसलेली. रक्षानं विचारायचं ठरवलं नव्हतं, ते नुसतं बाहेर पडलं. "आई, बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा सेलूले डाळ पाठवली होती. ती सपाटच होती ना?"

शकुंतलाबाईंनी आठवायला वेळ घेतला नाही. "सपाटच होती. तूच भरली. मी म्हनलं, राहू दे बाई वरतं, आजारी मानूस हाय घरी. तं तू म्हनली, नाई आई, एवढं पुरते, अन् फिरवला हात. मले तवाच वाटलं, का हे पोरगी आपल्या घरचं नेताना अशी चोरावानी करते." त्या गुडघा चोळत होत्या. "तुयाच माहेरी जाऊन राह्यलं होतं ना ते? मंग."

रक्षानं हातातल्या पायलीकडे पाहिलं. ओसरी तीच होती, डाळीचा ढीग तसाच पिवळा, आणि काठावरून फिरणारा तळहात. त्या हाताला मनगटावर तीळ होता, तिच्या स्वतःच्या मनगटावरचा. तिनं इतके दिवस तो तीळ पाहिला कसा नाही. की आता कुणी सांगितलं म्हणून दिसतो आहे? काठाची थंड धार करंगळीखाली जाणवली ती मात्र आठवणच होती, ती बाहेरून पाहणाऱ्याला जाणवली नसती. सासरचं माहेरी नेते असं कुणी म्हणू नये, म्हणून. कुणी म्हणालं नव्हतं.

"भर, भर," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी एकटी राह्यते तिकडं."

रक्षानं ज्वारी ओतली. पायली काठाला आली, वर चढली. साखरेचा तो जुना खडा मनात होताच, अजून, तेवढाच. पुण्यातलं लोटलेलं दार, स्वच्छ बोटं, अत्ता. तिनं आणखी एक ओंजळ टाकली. शीग वाढेना, जेवढे दाणे पडत तेवढेच चहूबाजूंनी घरंगळत. तिचा उजवा हात सवयीनं काठाकडे गेला, सपाट होऊन, फिरायच्या तयारीत, आणि तिथं तो थांबला. मग तिनं तो हळूच वळवला, पायलीच्या काठाला लावून त्याचा आडोसा केला, आणि डाव्या हातानं आणखी थोडी ज्वारी सोडली. या खेपेला दाणे तिच्या बोटांना येऊन टेकले आणि थांबले. रिद्धीनं एक दाणा उचलून टोकावर ठेवला. तो राहिला.